घरातला समुद्र आणि मिठाचा हिशेब

खाऱ्या पाण्याची काचपेटी घरात ठेवणाऱ्याची पहिली परीक्षा मासे निवडताना होत नाही, पाणी सांभाळताना होते. पेटीतले पाणी रोज थोडे थोडे उडून जाते. मीठ उडत नाही, ते मागे राहते. ज्यांनी मिठागर पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. तिथे जे मुद्दाम घडवून आणतात तेच दिवाणखान्यातल्या पेटीत नकळत चालू असते. पाण्याची पातळी उतरलेली पाहून मालक मोठ्या मायेने पुन्हा खारे पाणी ओततो, आणि पेटीतले मीठ वाढत जाते.

हिशेब करून पाहू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० लिटरच्या पेटीत साडेतीन किलो. त्यातले १० लिटर पाणी उडाले आणि त्या जागी १० लिटर खारे पाणी घातले, तर आणखी ३५० ग्रॅम मीठ आत गेले. असे चार वेळा केले की पेटीत ४.९ किलो मीठ, म्हणजे लिटरला ४९ ग्रॅम. मासे का मेले, असा प्रश्न मग पडतो. उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्याने केली असती तर मीठ जिथल्या तिथे राहिले असते.

हा हिशेब ज्यांच्यामुळे सामान्य माणसांच्या घरात पोहोचला त्यांत फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाचे नाव आधी घ्यावे लागते. अ‍ॅक्वेरियम हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, तो रूढ झाला मुख्यतः त्यांच्या पुस्तकामुळे. त्यांचे आयुष्य माशांच्या हौशीपुरते वाचण्यासारखे नाही. त्यात पाण्याचे शास्त्र आहे, एका स्त्रीच्या कर्करोगाची करुण कहाणी आहे, आणि आपल्या श्रद्धेपायी विद्वानांत एकटा पडलेला एक प्रामाणिक माणूस आहे.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधल्या वुस्टर गावी झाला. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रे रंगवणारे चित्रकार. कमाई बेताची. मुलाचे बालपण दक्षिण किनाऱ्यावरच्या पूल नावाच्या बंदरात गेले. तिथे सुसान बेल या आत्याने त्याला समुद्रकाठच्या जिवांची ओळख करून दिली. या आत्याचा मुलगा थॉमस बेल पुढे नामांकित प्राणिशास्त्रज्ञ झाला. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत समुद्रफुले, म्हणजे सी अ‍ॅनिमोन, उघडी पडतात. दिसायला फूल, पण आहे मांसाहारी प्राणी. ते समुद्राच्या पाण्यात ठेवून जिवंत पाहता येतील, ही कल्पना मुलाच्या डोक्यात घालणारी हीच आत्या.

शिक्षण फारसे झाले नाही. पंधराव्या वर्षी तो एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून चिकटला आणि सतराव्या वर्षी, १८२७ मध्ये, अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडमधल्या कार्बोनिअर या मासेमारीच्या गावी हिशेबनीस म्हणून गेला. दिवसा खतावण्या, उरलेल्या वेळात किडे. १८३२ मध्ये त्याने सूक्ष्मदर्शकावरचे एक जुने पुस्तक विकत घेतले आणि कीटकांचा अभ्यास नेमाने सुरू केला. त्याच वर्षी तो धर्माकडेही मनापासून वळला. विज्ञान आणि धर्म या दोन्ही गोष्टींनी त्याला एकाच वर्षी धरले आणि पुढे छप्पन्न वर्षे सोडले नाही.

त्यानंतरची काही वर्षे अपयशाचीच होती. कॅनडात तीन वर्षे शेती केली, ती बुडाली. १८३८ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात मळेवाल्यांच्या मुलांना आठ महिने शिकवले. तिथली गुलामगिरी डोळ्यांनी पाहिली आणि मन विटून तो १८३९ मध्ये मायदेशी परतला. हातात पैसे नव्हते, पण कॅनडातल्या निसर्गावर लिहिलेले हस्तलिखित होते. ते १८४० मध्ये छापले गेले आणि गॉस लेखक झाले. पुढे १८४४ मध्ये नमुने गोळा करण्यासाठी ते जमैकाला गेले आणि दीड वर्ष राहिले. तिथल्या पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडते.

१८४८ मध्ये त्यांनी एमिली बोज यांच्याशी लग्न केले. वधू बेचाळिशीला आलेली, स्वतः लेखिका, आणि त्यांच्याच छोट्या कडव्या धर्मपंथातली. पुढच्या वर्षी मुलगा झाला, एडमंड. त्या दिवशीच्या दैनंदिनीत गॉस यांनी मुलाच्या जन्माची आणि जमैकाहून आलेल्या एका पाकोळीच्या नमुन्याची नोंद एकापाठोपाठ एक केली आहे. यावरून त्यांना कोरडे ठरवणारे ठरवोत. ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने लिहिणे हा त्यांचा स्वभाव होता.

सतत लेखन, सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास वाकून बसणे, अपुरी झोप. यातून १८५२ च्या सुरुवातीला त्यांची प्रकृती ढासळली. हवापालटासाठी कुटुंब डेव्हनच्या किनाऱ्यावर गेले, आधी टॉर्कीजवळ आणि मग इल्फ्राकूमला. विश्रांतीसाठी गेलेला हा माणूस ओहोटीच्या वेळा पाहून कमरेइतक्या पाण्यात उतरू लागला. छिन्नीहातोडीने खडकाचा तुकडा अलगद सुटा करायचा आणि त्यावरचे समुद्रफूल खडकासकट घरी आणायचे. प्रश्न पुढचा होता. बरणीतले पाणी दोन दिवसांत कुजायचे आणि आतले जीव मरायचे.

या प्रश्नावर तेव्हा आणखीही काही माणसे काम करत होती, आणि त्यांत वैद्यक व्यवसायाशी संबंध असलेली मंडळी होती. नथॅनियल वॉर्ड हे पूर्व लंडनमधले डॉक्टर. बंद काचपेटीत झाडे दीर्घकाळ जगतात हे त्यांना आधीच सापडले होते. रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनच्या औषधनिर्मात्यांच्या संस्थेत रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी गोड्या पाण्यात दोन गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या आणि १८५० मध्ये दाखवून दिले की वनस्पती प्राणवायू पुरवतात, गोगलगायी कुजका भाग खातात आणि पाणी न बदलताही सगळे जगतात. अ‍ॅना थिन या बाईंनी तर १८४६ मध्येच टॉर्कीचे प्रवाळ लंडनला आणून जगवले होते. त्यासाठी त्यांच्या घरची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. आज आपण पेटीत हवेचा पंप लावतो, तेच काम.

गॉस यांनी समुद्राच्या पाण्यात हिरवे शैवाल आणि प्राणी यांचा असाच मेळ घातला. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यासाठी जीव पुरवणाऱ्यांत गॉस होते. वेमथ आणि इल्फ्राकूमच्या किनाऱ्यावरचे प्राणी त्यांनी लंडनला धाडले.

पण किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनी समुद्राचे पाणी आणायचे कुठून? रेल्वेने पिंपे मागवणे खर्चाचे, आणि पिंपाच्या लाकडाचा अंश पाण्यात उतरला की जीव मरत. गॉस यांनी ठरवले की पाणी घरीच बनवायचे. समुद्राच्या क्षारांवर मूलभूत काम आधीच झाले होते. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले डॉक्टर अलेक्झांडर मार्सेट यांनी १८१९ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट मांडली होती. जगातल्या वेगवेगळ्या समुद्रांत एकूण मीठ कमीजास्त असेल, पण त्यातल्या निरनिराळ्या क्षारांचे आपसांतले प्रमाण जवळजवळ सारखेच असते. एकदा हे प्रमाण कळले की कृती लिहिता येते.

गॉस यांनी ब्रायटनच्या समुद्राच्या पाण्याचे उपलब्ध रासायनिक पृथक्करण समोर ठेवले आणि १८५४ मध्ये आपली कृती प्रसिद्ध केली. आजच्या मापात सांगायचे तर साधे मीठ सुमारे ९९ ग्रॅम, एप्सम सॉल्ट ७ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड १३ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड अडीच ग्रॅमच्या थोडे वर. या चार क्षारांना गॅलनभराहून थोडे कमी पाणी. यातले एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात तेव्हा आम्ही प्रसूतिकक्षात जे इंजेक्शन देतो, त्यातला हाच क्षार.

त्यांनी भर दिला तो वजनापेक्षा मोजमापावर. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे तराजूवर दिसते तेवढे ते खरोखर असतेच असे नाही. मीठ दमट असले की तीच गत. म्हणून पाणी किती घालायचे हे शेवटी घनतेवरून ठरवायचे. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची साधारण १.०२६ भरते. त्या घनतेला बेताने बुडेल असा पोकळ काचेचा छोटा मणी तेव्हा मिळत असे. पाणी योग्य असेल तर मणी बेताने बुडतो. पुढे तो वर तरंगू लागला तर समजावे की पाणी उडाले आणि मीठ दाट झाले. यंत्र नाही, वीज नाही, पण पाण्याची तब्येत दारावरून जाता जाताही दिसावी अशी सोय. मग वरून गोडे पाणी घालायचे. हौशी लोक काचेवर पातळीची खूण करून ठेवत आणि खुणेपर्यंत गोडे पाणी भरत.

दुसरी गोष्ट संयमाची. पाणी तयार झाले की गॉस त्यात लगेच प्राणी सोडत नसत. आधी शैवाल आणि त्याला चिकटलेले दगड घालून आठवडाभर ते पाणी ठेवत. जिवाणूंच्या या कामाची तेव्हा कोणाला कल्पना नव्हती. आज आपल्याला माहीत आहे की प्राण्यांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू दगडांवर वाढावे लागतात आणि त्याला वेळ लागतो. नवी पेटी मांडून त्याच दिवशी मासे सोडणाऱ्यांचे मासे आजही याच कारणाने मरतात.

मिठाचे प्रमाण इतके नाजूक का? माणसाच्या रक्ताशी जुळणारे जे सलाइन आम्ही लावतो त्यात लिटरला ९ ग्रॅम मीठ असते. समुद्रात त्याच्या जवळपास चौपट. समुद्रातल्या बहुतेक काटेरी माशांच्या अंगातले द्रवही समुद्राच्या मानाने तिसऱ्या हिश्श्याइतकेच खारट असतात. म्हणजे समुद्रातल्या माशाच्या अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जात असते. पाण्यात राहून तो तहानलेला! म्हणून तो समुद्राचे पाणी पितो, जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो आणि लघवी अगदी थोडी करतो. गोड्या पाण्यातल्या माशाचे नेमके उलटे असते. तो पाणी पीत नाही आणि पातळ लघवी भरपूर करतो. समुद्रफुलाकडे ही यंत्रणाच नाही. बाहेर जेवढे मीठ तेवढेच आत. बाहेरचे प्रमाण एकदम बदलले की त्याच्या पेशी फुगतात किंवा आक्रसतात. मासा काही दिवस निभावून नेतो, समुद्रफूल आणि प्रवाळ लगेच मिटतात.

आपली मूत्रपिंडे हेच काम रात्रंदिवस करत असतात. रक्तातले सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल या अरुंद पट्ट्यात राहावे लागते. उन्हाळ्यात घामाने, जुलाबाने किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ते बिघडते आणि म्हातारी माणसे अचानक असंबद्ध बोलू लागतात. घरचे समजतात की वय झाले. रक्त तपासले की सोडियम ११५ निघते. अशा वेळी ते एका दिवसात नीट करण्याची घाई करायची नसते. बरेच दिवस खाली राहिलेले सोडियम २४ तासांत ८ ते १० पेक्षा जास्त वाढवले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पेटीचाही नियम हाच. पाण्याची घनता दिवसाला ०.००१ ते ०.००२ यापेक्षा जास्त बदलू नये, असे पेटी सांभाळणारी जाणती माणसे सांगतात.

१८५४ मध्ये गॉस यांचे अ‍ॅक्वेरियमवरचे रंगीत चित्रांचे पुस्तक निघाले आणि इंग्लंडात लाट उसळली. काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, काच स्वस्त झाली होती. रेल्वेने किनारा जवळ आला होता. मध्यमवर्गीयांच्या बैठकीत काचेतला समुद्र आला. समुद्राच्या मिठाची तयार पुडी लंडनच्या हॉबर्न भागातला बोल्टन नावाचा औषधविक्रेता विकू लागला. १८५६ मध्ये, कॉलेजचे तोंडही न पाहिलेल्या गॉस यांना रॉयल सोसायटीने सदस्यत्व दिले.

त्याच वर्षीच्या वसंतात एमिलींच्या छातीत गाठ लागली. कर्करोग होता. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला. क्लोरोफॉर्म येऊन नऊ वर्षे झाली होती, पण जंतूंची जाण नव्हती. जखम चिघळून रोगी दगावत, आणि शस्त्रक्रियेची धास्ती अनाठायी नव्हती. अशात लंडनमध्ये फेल नावाचा एक अमेरिकन डॉक्टर सुरीशिवाय कर्करोग बरा करतो असा बोलबाला होता. गॉस दांपत्य त्याच्याकडे गेले.

फेल याचा उपाय म्हणजे ब्लडरूट या वनस्पतीचे मूळ आणि झिंक क्लोराइड यांचा लेप. आधी आम्लाने कातडी जाळायची, मग तिला चिरा पाडून त्यांत लेप भरायचा. मांस मरून काळे पडे आणि कालांतराने गाठ गळून पडे. रोग गळून पडल्याचा भास होई. वेदना मात्र अखंड. एमिलींनी हे महिनोन्‌महिने सोसले. वर्ष सरता सरता रोग अंगभर पसरल्याचे स्पष्ट झाले आणि १० फेब्रुवारी १८५७ रोजी त्या गेल्या. एडमंड सात वर्षांचा होता. फेल याच्या उपचाराची पारख त्याच वर्षी लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये करण्यात आली, पण कर्करोगावरचा उपाय म्हणून तो टिकला नाही.

तो टिकणारही नव्हता. लेप जाळतो ते त्याला लागणारे मांस. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी काखेतल्या गाठींत आणि रक्तात पोहोचलेल्या असतील तर वरची गाठ जाळून उपयोग नाही, आणि पोहोचलेल्या नसतील तर महिनोन्‌महिने लेप लावत बसणे म्हणजे त्यांना तेवढी सवड देणे. हे जुने झाले असे समजू नये. तेच मूळ आणि तोच क्षार असलेले काळे मलम आजही जगात विकले जाते. आपल्याकडेही गाठ लपवून, लेप लावून, मग वर्षाने सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत येणाऱ्या बाया कमी नाहीत. दुखत नाही म्हणून त्या थांबलेल्या असतात. स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हे घरोघर माहीत व्हायला हवे. गॉस अडाणी नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणारा, पाण्याच्या घनतेचा तिसरा दशांश मोजणारा माणूस होता. प्रिय माणसाला सुरी लागू नये या एका इच्छेपुढे ती सगळी मोजमापे बाजूला राहिली. डॉक्टर म्हणून मला त्यांचा राग येत नाही. अशी माणसे समोर बसली की त्यांच्याशी अर्धा तास जास्त बोलावे, एवढेच वाटते.

पत्नीच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच गॉस यांनी आणखी एक धक्का ओढवून घेतला. भूगर्भशास्त्र पृथ्वीचे वय लाखो वर्षांत सांगत होते, बायबलवरून ते काही हजारच निघत होते. दोन्हींवर विश्वास असलेल्या गॉस यांनी ओम्फालोस नावाचे पुस्तक लिहिले. ग्रीक भाषेत ओम्फालोस म्हणजे बेंबी. पहिल्या माणसाला आई नसतानाही बेंबी असणार. तशीच पृथ्वीही देवाने जुनेपणाच्या सगळ्या खुणांसकट, जीवाश्मांसकट, एकदम घडवली असणार, असा त्यांचा युक्तिवाद. वैज्ञानिकांना तो पटला नाही. धार्मिकांना तर देव खडकांत खोटे पुरावे पुरून ठेवतो ही कल्पनाच सहन झाली नाही. पुस्तक पडून राहिले.

आणि इथे इतिहासाची एक गंमत आहे. १८५५ मध्ये चार्ल्स डार्विन एका प्रश्नाच्या मागे होते. दूरच्या बेटांवर वनस्पती कशा पोहोचतात? बी समुद्रातून वाहत जाऊन रुजू शकते का? पाहण्यासाठी त्यांनी बिया खाऱ्या पाण्यात भिजत ठेवल्या. त्यासाठी मीठ आणले हॉबर्नच्या त्याच बोल्टनकडून. त्यात समुद्रातले जीव वर्षभर जगले आहेत, तेव्हा ते खात्रीचे, असा त्यांचा विचार. ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकारच्या बिया २८ दिवस भिजूनही रुजल्या, आणि हा पुरावा उत्क्रांतीच्या ग्रंथात गेला. गॉस यांनी उत्क्रांती शेवटपर्यंत मानली नाही. पण घरी बनवलेल्या ज्या समुद्राची सवय त्यांनी लोकांना लावली, त्याच्याच जातीचे पाणी तिच्या कामी आले.

गॉस यांच्या कृतीत एक जागा मोकळी होती. समुद्रात चुन्याचे क्षारही असतात. त्यांचे प्रमाण किरकोळ आहे, ते साध्या पाण्यातून आणि शिंपल्यांतून आपसूक येतील, म्हणून गॉस यांनी ते वगळले. जवळपास तीस वर्षांनी लंडनमधलेच डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करत होते. १८८२ मध्ये त्यांना वाटले की साध्या मिठाचे द्रावण पुरते. मग कळले की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे तर नळाच्या पाण्यात बनवले गेले होते. शुद्ध पाणी घेताच हृदय थांबू लागले. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम ते चालवत होते. १८८३ मध्ये रिंगर यांनी तसे प्रसिद्ध केले. प्रत्येक रुग्णालयात आरएल म्हणून जी बाटली लावतात, त्यातला आर म्हणजे हेच रिंगर. आज पेटीसाठी शुद्ध केलेले आरओ पाणी वापरतात, तेव्हा त्यातून चुना आपसूक येत नाही. म्हणून बाजारातल्या सागरी मिठाच्या मिश्रणात कॅल्शियम मुद्दाम घातलेले असते. स्वयंपाकाचे मीठ त्याची जागा घेऊ शकत नाही.

गॉस उरलेले आयुष्य टॉर्कीजवळच्या सेंट मेरीचर्च गावी राहिले. ब्रिटिश समुद्रफुलांवरचा त्यांचा सचित्र ग्रंथ १८५८ ते १८६० या काळात निघाला. १८६० मध्ये त्यांनी एलिझा ब्राइटवेन यांच्याशी दुसरे लग्न केले आणि घराला पुन्हा घरपण आले. अ‍ॅक्वेरियमची लाट दहाएक वर्षांत ओसरली. काचेतला समुद्र सांभाळणे कष्टाचे, आणि बहुतेकांचा धीर पहिल्या दुर्गंधीबरोबरच संपत असे. मागे राहिले ते ओरबाडलेले किनारे. पुस्तक वाचून हजारो लोक छिन्नीहातोडी घेऊन खडकांवर गेले होते आणि लहानपणी भरलेली पाहिलेली डबकी रिकामी झाल्याचे एडमंड यांनी पुढे लिहून ठेवले. वडिलांनाही याची खंत होती. पेटीतला जीव कुठून आणला, हा प्रश्न प्रवाळ विकत घेताना आजही विचारायला हवा.

म्हातारपणी गॉस यांनी ऑर्किड लावले, दुर्बिणीने तारे पाहिले आणि रोटिफर नावाच्या सूक्ष्म जलचरांवर हडसन यांच्यासह १८८६ मध्ये मोठा ग्रंथ काढला. २३ ऑगस्ट १८८८ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, सेंट मेरीचर्चलाच ते वारले. मुलाने त्यांच्यावर दोन पुस्तके लिहिली. १८९० चे चरित्र आणि १९०७ चे आत्मकथन. दुसऱ्यात बाप कठोर दिसतो, पण ओहोटीच्या पाण्यात बापलेक एकत्र वाकलेले दिसतात तेव्हा माया लपत नाही.

घरी खाऱ्या पाण्याची पेटी असेल त्यांनी गॉस यांच्याकडून एवढे घ्यावे. मीठ वेगळ्या बादलीत पूर्ण विरघळवावे, पेटीत मासे असताना कोरडे मीठ टाकू नये. घनता रोज एकाच वेळी मोजावी आणि २५ अंशाला ती १.०२५ ते १.०२६ राखावी. पाणी तापले की हायड्रोमीटर कमी आकडा दाखवतो, तेव्हा तापमानही पाहावे. रिफ्रॅक्टोमीटर असेल तर तो अधूनमधून प्रमाणित द्रावाने तपासावा. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे, क्लोरीन नसलेले पाणी घालावे. काढून टाकलेल्या पाण्याच्या जागी तेवढेच खारे. तांब्याचे भांडे पाण्याला लावू नये, समुद्रफुलांना तांबे विषारी असते.

ज्यांच्या घरी पेटी नाही त्यांच्याही स्वयंपाकघरात हे मोजमाप कधी ना कधी लागते. मुलाला जुलाब झाले की ओआरएसची पुडी येते. पुडीवर एक लिटर लिहिले असेल तर पूर्ण पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवावी. थोडी पुडी पेलाभर पाण्यात अंदाजाने घालू नये. पाणी कमी पडले तर ते दाट होते आणि लहान बाळाच्या रक्तातले सोडियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. पाणी जास्त झाले तर मीठ पुरत नाही. मापाचे भांडे घ्यावे, तयार पाणी झाकून ठेवावे आणि २४ तासांनी उरलेले टाकून द्यावे.